यंदाचा नाट्यहंगाम : नाशिकला संगीत नाटक किती येणार आणि आपण किती जाणार?

गोदातीर

दिवाळी तोंडावर आली असताना कालिदास कलामंदिरावरून जावे आणि फलकाकडे मान वळू नये, असे माझ्या बाबतीत गेल्या कित्येक वर्षांत घडलेले नाही. पावसाळाभर त्या फलकावर सत्कार, व्याख्याने आणि नृत्यवर्गांचे वार्षिक कार्यक्रम यांचीच गर्दी असते. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन जवळ आला की मात्र तिथे नाटकांची नावे दाटीने दिसू लागतात. १८४३ साली याच तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, म्हणून हा दिवस आपण पाळतो. नाशिककर प्रेक्षकाचे वर्षही, माझ्या मते, त्याच दिवशी सुरू होते आणि गुढीपाडव्याला संपते. त्यानंतरच्या उन्हात नाटकाला जाणारे खरे शूर.

या हंगामाचे साधारण गणित आपल्याला पाठ आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची चाहूल लागते आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर नेहमीची मंडळी भेटू लागतात. डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या व्यावसायिक नाटकांचे दौरे शनिवार-रविवार धरून येतात. २७ फेब्रुवारी हा तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्मदिवस, त्यामुळे त्याच्या मागेपुढे कुसुमाग्रज स्मारकात अभिवाचने आणि छोटे प्रयोग असतात, आणि २७ मार्चच्या जागतिक रंगभूमी दिनापर्यंत हे सारे टिकते. विनोदी आणि कौटुंबिक नाटके येणारच आहेत आणि त्यांना घरे भरणारच आहेत, म्हणून त्यांची मला काळजी नाही. मला उत्सुकता आहे आणि थोडी धाकधूकही आहे ती संगीत नाटकाची.

नाशिकने संगीत नाटकाची वाट पाहावी यात एक गंमत आहे. ‘मत्स्यगंधा’ १९६४ चे आणि ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ चे. पहिले लिहिले वसंत कानेटकरांनी, जे इथल्या एचपीटी महाविद्यालयात शिकवत होते. दुसरे लिहिले शिरवाडकरांनी, जे इथेच राहत होते. दोन्ही नाटकांना संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि दोन्ही रंगमंचावर आणली मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनने. ज्या काळात संगीत नाटक संपले अशी हाकाटी होती, त्या काळात त्याला पुन्हा उभे करणारे शब्द दोनेक वर्षांत एकाच गावातून दोनदा कसारा घाट उतरून गेले, आणि तेव्हापासून आपण ती नाटके ट्रकमधून घाट चढून परत येण्याची वाट पाहत आहोत. आजही ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ किंवा ‘गुंतता हृदय हे’ आपण दिवाळी पहाटेला ऐकतो, परंतु ते पद नाटकात कोणत्या क्षणी येते, ते कोण कोणाला उद्देशून म्हणते आणि त्यानंतर काय घडते, हे पाहिलेली माणसे आता किती उरली असतील?

तेव्हा माझे विचारणे असे : या हंगामात संगीत नाटकाचा प्रयोग लागला, मग तो व्यावसायिक असो की हौशी, तर आपण किती जण नक्की जाणार? तिकिटांचे प्लॅन उघडण्याआधी हे बोलून ठेवावे असे वाटले.

पंचवटीकर

मी येणार, हे गृहीत धरावे.

नाशिक आणि संगीत नाटक यांचा विषय निघाला की ‘संगीत शारदा’चा उल्लेख टाळता येत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग होता आणि तो पाहण्यासाठी आलेला कलेक्टर जॅक्सन तिथेच अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांना बळी पडला. आपल्याला शाळेत ही घटना क्रांतीच्या धड्यात शिकवली जाते, पण तिच्यातला एक तपशील मला नेहमी थांबवतो. सरकारी अधिकाऱ्याला निरोप द्यायचा तर त्याला नाटकाला न्यावे, आणि तेही देवलांच्या जरठ-कुमारी विवाहावरच्या संगीत नाटकाला, असे त्या वेळच्या नाशिककरांना सहज सुचले. गावाच्या प्रतिष्ठेचा कार्यक्रम म्हणजे संगीत नाटक, अशी तेव्हाची रीत होती. आज आपण पाहुण्याला द्राक्षाच्या मळ्यावर नेतो.

‘शारदा’ १८९९ चे आहे आणि आजही हौशी संस्था ते करतात. यंदा कोणी केले तर मी पहिल्या रांगेचे तिकीट काढीन, कारण ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद मी ध्वनिमुद्रिकेवर अगणित वेळा ऐकले असले तरी रंगमंचावर केवळ एकदाच ऐकले आहे.

सातपूर_पहिली_पाळी

मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो, कोणी रागावू नये. मला नाटक आवडते. वर्षाला चार-पाच तरी पाहतो. परंतु संगीत नाटकाला बसलो की माझी एक अडचण होते. गोष्ट ऐन रंगात आलेली असते, दोघांत काहीतरी निर्णायक बोलणे होणार असते, आणि तेवढ्यात नायक दोन पावले पुढे येऊन गाऊ लागतो. पद संपते, टाळ्या पडतात, कोणीतरी मागून ‘वन्स मोअर’ ओरडतो, आणि तो बिचारा तेच दुःख पुन्हा पहिल्यापासून भोगतो. तोपर्यंत माझ्यापुरती गोष्ट गार झालेली असते.

शिवाय रात्री ९.३० चा प्रयोग सुरू व्हायला पावणेदहा, संपायला एक, तिथून सातपूरला पोहोचून झोपायला दोन, आणि सकाळी सातला पहिली पाळी. प्रयोग रविवारी दुपारी असेल तरच माझ्यासारख्याचा विचार होऊ शकतो. ‘किती जण जाणार’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा रसिकतेत नसते, घड्याळात असते.

जुनी_श्रोती

सातपूरकर दादा, रागवायचे कशाला? तुमची तक्रार फार जुनी आहे आणि अर्धी खरी आहे. ‘सौभद्र’ १८८२ चे. मूळ संहितेत शंभराहून अधिक पदे होती आणि प्रयोग रात्रभर चालत असे. तेव्हाच्या प्रेक्षकांना दुसऱ्या दिवशी पाळी नव्हती असे नाही, पण त्यांची रात्र वेगळी होती. पुढे पदे कमी होत गेली आणि आज जो ‘सौभद्र’ आपण पाहतो, त्यात पुष्कळ गाळून जे राहिले तेवढेच आहे.

उरलेली अर्धी तक्रार मात्र मला मान्य नाही. पदामुळे गोष्ट थांबते असे तुम्हाला वाटते, ते पद वाईट गायले गेले तर. जो नट पद म्हणता म्हणता ताना घेत सुटतो आणि समोरच्या पात्राला विसरून प्रेक्षकांकडे तोंड करून मैफल मांडतो, त्याच्या बाबतीत तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे. परंतु चांगल्या नटाचे पद हे बोलण्याचेच पुढचे टोक असते. ‘मत्स्यगंधा’तला पराशर ‘नको विसरू संकेत मीलनाचा’ म्हणतो तेव्हा गोष्ट कुठे थांबली? उलट हेच वाक्य त्याने साध्या गद्यात म्हटले असते तर सत्यवतीने त्याच्यावर विश्वास ठेवला नसता, आणि मग नाटकच पुढे गेले नसते. पाच मिनिटांत माणूस विरघळतो हे गद्यात पटवता येत नाही, ते सुरातच पटते.

माझे वय आता पंचाहत्तरच्या पुढे आहे. ‘वन्स मोअर’ मला तरुणपणीही आवडत नसे. त्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. एक विचारते, कालिदासमध्ये आता वरच्या मजल्यावर न चढता पुढच्या भागात जागा मिळते ना? २०१८ मध्ये नूतनीकरण झाल्यापासून मी तिथे दोनदाच गेले आणि दोन्ही वेळा नातवाने हात धरून नेले, त्यामुळे वाट नीट लक्षात नाही.

नेपथ्यवाला

आजी, खालच्या मजल्याचे तिकीट काढले की चढायचा प्रश्न उरत नाही. फक्त तिकीट काढताना रांगेच्या कडेची खुर्ची मागून घ्यावी, म्हणजे मध्यंतरात कोणाच्या गुडघ्यांवरून जावे लागणार नाही.

संगीत नाटके नाशिकला कमी का येतात, याबद्दल पडद्यामागून जे दिसते ते लिहितो. मी हौशी संस्थांची नेपथ्ये उभारतो आणि दौऱ्यावर आलेल्या मंडळींना अधूनमधून हाताशी लागतो. चार पात्रांचे, एका दिवाणखान्यात घडणारे नाटक दौऱ्यावर काढायचे तर एक बस आणि एक टेम्पो यांत सारे मावते. संगीत नाटक म्हटले की पात्रे दहा-बारा, त्यांचे पोशाख आणि दागिने वेगळे, ते सांभाळणारा माणूस वेगळा, रंगभूषेला दोघे, शिवाय ऑर्गन, तबला आणि जमल्यास व्हायोलिन. यातला प्रत्येक जण प्रयोगाची नाइट, म्हणजे त्या प्रयोगापुरते मानधन, घेणार, आणि त्याने ती घ्यावीच. ऑर्गन उचलायला चार माणसे लागतात आणि तो गादीवर ठेवूनच न्यावा लागतो, नाहीतर घाटातल्या धक्क्यांनी त्याच्या पट्ट्या बोलेनाशा होतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून गाड्या वेळेवर पोहोचतात, हे मात्र मान्य करायला हवे. पूर्वी कसाऱ्याला ट्रक अडकला म्हणजे इकडे तिसरी घंटा अडकलीच.

या खर्चाला एका रात्रीचे एक घर पुरत नाही. म्हणून निर्माता काय करतो, तर नाशिकला येताना पुढे धुळे, जळगाव, संभाजीनगर असा दौरा लागतो का ते पाहतो. मधला एक प्रयोग रद्द झाला की सारा दौराच कोसळतो. आपण इथे शेवटच्या दोन दिवसांपर्यंत ‘बघू, तिकिटे मिळतीलच’ म्हणत थांबतो, आणि तिकडे व्यवस्थापक प्लॅन उघडल्याच्या चौथ्या दिवशी त्यावरचे रिकामे चौकोन, म्हणजे न विकलेल्या खुर्च्या, मोजून दौऱ्याचा निर्णय घेऊन मोकळा होतो. प्रयोगाच्या संध्याकाळी खिडकीवर झुंबड उडते हे खरे, पण खर्चाचा भरवसा त्या झुंबडीवर ठेवता येत नाही. नाशिककरांची ही सवय व्यवसायात सर्वांना माहीत आहे. सभ्य शब्दांत सांगायचे तर आपले गाव ‘करंट बुकिंगचे’ आहे.

पेटीवाली

मी ऑर्गन शिकते, त्यामुळे एका गोष्टीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ जणांना ऑर्गन म्हणजे मोठी पेटी वाटते. पेटीला डावा हात भात्यात गुंतलेला असतो. ऑर्गनला हवा पायांनी द्यायची असते, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात आणि स्वर तुटत नाही. त्यामुळेच पद संपून संवाद सुरू झाला तरी खाली एक बारीक स्वर धरून ठेवता येतो, आणि प्रेक्षकाच्या नकळत त्याचे मन त्या पदातच राहते.

गेल्या वर्षी एका हौशी प्रयोगाला मी साथीदारांच्या शेजारी बसले होते. तिथून जे दिसले ते प्रेक्षागृहातून कधीच दिसले नसते. नायिका संवाद म्हणत होती आणि पद यायला अजून दोन वाक्ये होती. ऑर्गनवाल्या गुरुजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले, तिच्या बोलण्याची पट्टी किंचित वर चढली आहे हे त्यांना जाणवले असावे, आणि त्यांनी ठरलेली काळी चार ही पट्टी सोडून तिच्या लगेच वरच्या पांढरी सहाचा षड्ज अगदी हलकेच सोडला. तिने वाक्य संपवले ते थेट त्या स्वरावर. तबलजींनी मान वळवून पाहिले आणि तबला त्या नव्या पट्टीत चढवण्यासाठी हातातली हातोडी पटकन त्याच्या वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर चालवली. हे सारे दोन-तीन श्वासांत झाले. प्रेक्षकांना एवढेच कळले की आज पद फार सुरेल लागले.

ध्वनिमुद्रित साथीवर हे होऊ शकत नाही. तिथे नटाने ट्रॅकच्या मागे धावायचे असते. म्हणून माझी विनंती अशी की, जाहिरातीत ‘जिवंत साथसंगत’ असे लिहिलेले असेल त्या प्रयोगाला आवर्जून जावे, आणि लिहिलेले नसेल तर फोन करून विचारावे. प्रेक्षक असे विचारतात हे कळले की मंडळी साथ आणतात.

सातपूर_पहिली_पाळी

ताई, हे मला ठाऊक नव्हते. गठ्ठ्यांवर हातोडी मारण्याचा आवाज मी आजवर ‘मधला व्यत्यय’ समजत होतो.

आजींचे पराशराबद्दलचे म्हणणेही विचार करण्याजोगे आहे. तरी रविवार दुपारची अट कायम.

गोदातीर

पेटीवाली यांनी लिहिलेले वाचून मला एक प्रयोग आठवला. गाव आणि नाट्यगृह यांचे नाव घेत नाही, कारण दोष कोणाचा होता ते मला माहीत नाही. दुसरा अंक चालू असताना वीज गेली आणि जनित्र काही केल्या सुरू होईना. दिवे गेले, माईक गेले, वातानुकूलन यंत्राची घरघर थांबली, आणि जिची आपल्याला सवय नाही अशी एक शांतता प्रेक्षागृहात पसरली. पद निम्मे झाले होते. ती मुलगी क्षणभर थबकली असेल-नसेल, पण ऑर्गनला वीज लागत नाही. तो चालूच होता. तिने तोच धागा उचलला आणि माईकशिवाय, काळोखात, उरलेले अंतरे गायली. माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मोबाइलचा दिवा लावण्यासाठी हात वर केला आणि शेजारच्या बाईंनी तो हळूच खाली ओढला. शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द पोहोचत होता, हे मागे बसलेल्या मित्राने नंतर सांगितले. वीज आल्यावर माईकमधून तोच आवाज ऐकताना तो कोणीतरी पातळ केल्यासारखा वाटला.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की लहान नाट्यगृहात संगीत नाटक असेल तर ध्वनिव्यवस्थापकाने माईक अर्ध्याने कमी करावेत. साईखेडकरसारख्या आटोपशीर सभागृहात तर नक्कीच. नेपथ्यवाला दादा, हे शक्य आहे का?

नेपथ्यवाला

शक्य आहे, पण नट ऐकत नाहीत. गालाला चिकटवलेल्या माईकची इतकी सवय झाली आहे की आवाज फेकण्याचा सरावच राहिलेला नाही. राज्य नाट्य स्पर्धेला येणाऱ्या काही संस्था मात्र अजूनही वरून टांगलेल्या आणि खाली ठेवलेल्या माईकवर भागवतात. स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिच्यात घडलेले नट आवाजावरून ओळखू येतात. संगीत नाटकांची राज्य स्पर्धा वेगळी होते. रत्नागिरीत तिचे प्रयोग वर्षानुवर्षे रंगत आले आहेत आणि कोकण-गोव्याकडच्या संस्था तिथे तयारीने उतरतात. शिरवाडकरांनी १९५० साली लोकहितवादी मंडळ स्थापन केलेल्या गावातून त्या स्पर्धेला दर वर्षी एक तरी संघ जायला हवा, हे माझे जुने दुखणे आहे. इथे गाणाऱ्या मुली आहेत, तबला वाजवणारी मुले आहेत. गाता येणारा आणि बोलता येणारा पुरुष नट मात्र जाहिरात देऊनही मिळत नाही.

पंचवटीकर

दुखणे खरे आहे, पण आपल्या गावाने अगदीच हात टेकले आहेत असे म्हणता येणार नाही. ‘संगीत देवबाभळी’ लिहिणारा आणि दिग्दर्शित करणारा प्राजक्त देशमुख हा नाशिकचाच, आणि त्या नाटकासाठी त्याला २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तुकोबांची आवली आणि तिच्या पायातली काट्याची जखम बरी होईपर्यंत तिची काळजी घ्यायला आलेली रखुमाई, एवढ्या दोनच बायकांवर त्याने संगीत नाटक उभे केले. नेपथ्यवाला यांनी मांडलेल्या दहा-बारा पात्रांच्या हिशेबाला हे एक उत्तर आहे. त्यात जुनी नाट्यपदे नव्हती, अभंग आणि ओवीच्या वळणाची गाणी होती, तरीही लोक रडत बाहेर पडत होते. आजींनी पाहिले आहे का?

जुनी_श्रोती

दोनदा पाहिले. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा ऐकले.

संगीत नाटक म्हणजे अभिषेकींपाशी थांबलेली वस्तू, असे मानणारी मी नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केले तेव्हा त्यातही साकी, दिंडी अशा लोकांच्या ओठांवरच्याच चाली होत्या. रागदारीचे वजन पुढे आले. १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी ज्या चाली दिल्या, त्यांवर तेव्हाच्या काही जुन्या लोकांनी नाके मुरडली असणारच. मला यंदा जुने एक आणि नवे एक असे दोन प्रयोग पाहायला मिळाले तर मी तृप्त आहे. नव्यात गाणे कुठे येते ते पाहायचे, आणि जुन्यात ते तिथे का येते ते समजून घ्यायचे.

पेटीवाली

मग असे करावे का? संगीत नाटकाची जाहिरात ज्याच्या दृष्टीस प्रथम पडेल त्याने इथे लिहावे आणि प्लॅन उघडेल त्याच दिवशी सर्वांनी आपापली तिकिटे काढावीत, म्हणजे चौथ्या दिवशीचे रिकामे चौकोन तेवढे तरी कमी होतील. ॲपवर काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : रंगमंचाकडे तोंड करून बसल्यावर साथीदार कोणत्या बाजूला बसणार आहेत, ते खिडकीवरच्या माणसाला आधी विचारावे आणि त्याच्या समोरच्या बाजूची खुर्ची घ्यावी. शेजारची घेतली तर ऑर्गन ऐकू येतो, पण गुरुजींचे हात दिसत नाहीत.

सातपूर_पहिली_पाळी

रविवार दुपार असेल तर दोन तिकिटे माझी. सौ. विचारत आहे की मध्यंतरात बटाटेवडे अजून मिळतात का.

नेपथ्यवाला

मिळतात. दुसऱ्या घंटेच्या आत रांगेतून बाहेर या, तिसऱ्या घंटेला मी दार लावून घेतो.